एकशेष पक्ष

संस्कृत व्याकरणांत एकशेष म्हणून एक चमत्कारिक प्रकार आहे. माता आणि पिता हे दोन शब्द एकत्र आले म्हणजे मातेचा लोप होतो आणि 'पितरौ' एवढेंच द्विवचनी रूप शिल्लक राहतें. उरलेल्या शब्दानें स्वतःचा अर्थ सांभाळून शिवाय गेलेल्याचाहि अर्थ वाहावयाचा असतो. हा प्रकार वर्गांत शिकवितांना एखादी चलाख मुलगी हमखास विचारी कीं, लोप व्हावयाचा तो आईचाच कां? व्याकरणाजवळ याला नियम आहे, समाधान नाहीं. असो. हा एकशेष राजकारणांतहि साधतां येतो, आणि तोहि कायद्याच्या चौकटींत चोख बसवून, याचें उत्तम उदाहरण नेदरलँड्स ऊर्फ हॉलंड या देशांत पाहावयास मिळतें. तेथील एका पक्षास २०२३ सालच्या निवडणुकींत सुमारे साडेचोवीस लाख मतें मिळालीं आणि दीडशें जागांच्या कनिष्ठ सभागृहांत त्याचे ३७ प्रतिनिधि निवडून आले. त्या वेळीं तो सभागृहांतील सर्वांत मोठा पक्ष ठरला. पण त्या पक्षाचे सभासद मोजूं गेल्यास हाडामांसाचा मनुष्य असा एकच सांपडतो. त्याचें नांव गीर्ट विल्डर्स.

युरोपांतील उजव्या बाजूच्या लोकानुनयी पक्षांविषयीं अलीकडे वर्तमानपत्रांत पुष्कळ मजकूर येतो. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें-नातवंडें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं तिकडे गेलेलीं आहेत त्यांच्या घरीं तर त्याची चर्चा होतच असेल. परंतु ही चर्चा बहुधा ते पक्ष काय बोलतात एवढ्याभोंवतींच फिरते : परदेशांतून येणाऱ्या लोकांविषयीं त्यांचें म्हणणें काय, इस्लामविषयीं काय, युरोपीय संघाविषयीं काय. तें महत्त्वाचें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण संस्था कोणतीहि असो, तिच्याविषयीं मत देण्यापूर्वीं तिची नियमावली मागवून वाचावी अशी आमची जुनी खोड आहे. भाषण टाळ्यांसाठीं असतें. सभा कोण बोलावतो, हिशेब कोणापुढें मांडतात, आणि अध्यक्ष नकोसा झाला तर त्याला घरीं कसें पाठवावयाचें, या गोष्टी भाषणांत येत नाहींत. त्या नियमावलींतच शोधाव्या लागतात.

लोकानुनयी पक्षांच्या बाबतींत तर हा शोध विशेष अगत्याचा आहे. कारण खरे लोक एका बाजूस, आणि त्यांना फसविणारे सत्ताधारी, विद्वान व वृत्तपत्रवाले हे सारे दुसऱ्या बाजूस, अशी जगाची वांटणी करून त्या खऱ्या लोकांच्या वतीनें बोलण्याचा मक्ता हे पक्ष आपल्याकडे घेतात. सभासद या शब्दाचा मूळ अर्थ सभेंत बसणारा. तेव्हां लोकांचें नांव एवढ्या मोठ्यानें घेणाऱ्याच्या घरांत त्या लोकांना बसावयास पाट कोठें मांडला आहे, हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

हॉलंडमध्यें हा पाट पूर्वीं फार ऐसपैस होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत तेथील समाज जणूं वेगवेगळ्या खांबांवर उभा होता, आणि तेथील लोक त्याला खांबांचीच उपमा देत. कॅथोलिकांचा एक खांब, प्रॉटेस्टंटांचा एक, समाजवाद्यांचा एक. प्रत्येकाची शाळा निराळी, वर्तमानपत्र निराळें, कामगारसंघ निराळा, नभोवाणीची संस्थाहि निराळी; मग पक्ष निराळा असल्यास नवल तें काय? १९५० च्या सुमारास एकट्या कॅथोलिक पक्षाचे सभासद चार लाखांच्या घरांत होते. असल्या पक्षांत मनुष्य दाखल होत नसे. तो त्यांत जन्मास येई. हे खांब १९६० नंतर भराभर खचले आणि सभासदांच्या याद्याहि त्याबरोबर आटल्या. त्या काळाचा एक अवशेष मात्र अद्याप उभा आहे. १९१८ सालीं स्थापन झालेल्या कट्टर कॅल्व्हिनपंथीयांच्या पक्षास, ज्याला तिकडे एस. जी. पी. म्हणतात, गेल्या कित्येक निवडणुकांत तीनच जागा मिळत आल्या आहेत. पण त्याचे वर्गणी भरणारे सभासद तीस हजारांच्या आसपास आहेत. याच पक्षानें स्त्रियांस २००६ पर्यंत पूर्ण सभासदत्व दिलें नव्हतें, हेंहि येथेंच सांगितलेलें बरें. नाहीं तर सभासदांची यादी लांब म्हणजे मन मोठें, असा कोणाचा समज व्हावयाचा.

विल्डर्स यांनीं आपल्या पक्षाचें दार बंद ठेवलें तें केवळ लहरीखातर नव्हे. त्यांच्या डोळ्यांपुढें एक ताजें उदाहरण होतें. पिम फोर्टुइन नांवाचे एक वक्ते, पूर्वाश्रमीं प्राध्यापक, २००२ च्या आरंभीं डच राजकारणांत वावटळीसारखे शिरले. ज्या नव्या पक्षानें त्यांना पुढारी केलें होतें त्यानेंच त्यांच्या एका मुलाखतीवरून फेब्रुवारींत त्यांना दूर केलें. तेव्हां त्यांनीं थोड्याच दिवसांत स्वतःच्या नांवाचा दुसरा पक्ष उभा केला. निवडणूक तीन महिन्यांवर आलेली. उमेदवार मिळतील तेथून गोळा केलेले. ६ मे २००२ रोजीं हिल्वर्सम येथें फोर्टुइन यांचा खून झाला आणि नऊ दिवसांनीं, १५ मे रोजीं, त्यांच्या पक्षाचे २६ प्रतिनिधि निवडून आले. नेता गेलेला, आणि मागें राहिलेल्या सव्वीस जणांची आपसांत धड ओळखहि नाहीं! त्यांच्यांत शिस्त कोठून यावी? तरीहि हा पक्ष जुलैमध्यें मंत्रिमंडळांत शिरला. ऑक्टोबरांत त्याचेच दोन मंत्री एकमेकांशीं इतके भांडले कीं, सत्याऐंशी दिवसांचें तें मंत्रिमंडळ कोसळलें. जानेवारी २००३ च्या निवडणुकींत सव्विसाचे आठ झाले, २००६ मध्यें आठाचें शून्य झालें, आणि २००८ च्या आरंभीं पक्षाचें विसर्जन करण्यांत आलें.

विल्डर्स हें सारें सभागृहांत बसून पाहत होते. ते १९९८ पासून व्ही. व्ही. डी. या उजव्या उदारमतवादी पक्षाचे प्रतिनिधि होते. तुर्कस्तानला युरोपीय संघांत घ्यावें कीं नाहीं यावरून त्यांचें पक्षाशीं बिनसलें आणि सप्टेंबर २००४ मध्यें ते बाहेर पडले. परंतु सभागृहांतून नव्हे. डच पद्धतींत निवडून आलेली जागा प्रतिनिधीची असते, पक्षाची नसते. पक्ष सोडणारा आपली खुर्ची बरोबर घेऊन जातो. विल्डर्स यांनीं ती नेली आणि ते 'विल्डर्स गट' या नांवानें एकटेच बसूं लागले. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे. त्याच वर्षीं २ नोव्हेंबरला चित्रपटकार थेओ व्हान गोघ यांचा ॲम्स्टरडॅमच्या रस्त्यावर एका धर्मवेड्यानें खून केला. तेव्हांपासून विल्डर्स यांच्याभोंवतीं पोलिसांचा पहारा बसला तो उठलाच नाहीं. ज्या मनुष्याला स्वतःच्या घराचा पत्ता लपवून राहावें लागतें त्यानें पक्षाचें दार सताड उघडें टाकावें अशी अपेक्षा करणें कठोरपणाचें होईल, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दार जपून उघडणें निराळें आणि दाराच्या जागीं भिंत घालणें निराळें.

ती भिंत त्यांनीं २००६ सालीं कशी घातली तें मोठें मनोरंजक आहे. मतपत्रिकेवर पक्षाचें नांव छापून हवें असेल तर डच कायद्याप्रमाणें तो पक्ष रीतसर नोंदलेलें मंडळ असावा लागतो, आणि मंडळ म्हटलें कीं स्थापना करणारे निदान दोघे पाहिजेत. विल्डर्स यांनीं दोघे दाखविले. पहिले स्वतः विल्डर्स. दुसरें, 'विल्डर्स गट प्रतिष्ठान' या अर्थाच्या नांवाची एक संस्था. कारण कायद्याच्या दृष्टीनें प्रतिष्ठान हीहि एक व्यक्तिच. या प्रतिष्ठानाचे संचालक कोण? एकटे विल्डर्स. अशा रीतीनें 'पार्टाय फोर दे फ्रायहेट', म्हणजे स्वातंत्र्य पक्ष, अस्तित्वांत आला, आणि त्यानंतर तिसरा सभासद घेण्यांत आला नाहीं. कायद्याचा दोनाचा आंकडा भरला आणि मनुष्य एकच राहिला; वैयाकरणांच्या भाषेंत बोलावयाचें तर रूप द्विवचनी, अर्थ एकवचनी. या पक्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा आरशासमोर उभें राहून भरवितां येईल, सूचक आणि अनुमोदक दोन्ही हजर असतील, आणि ठराव एकमतानें पास होईल याविषयीं शंका नको.

विनोद बाजूस ठेवला तरी हा सौदा स्वस्तांतला नव्हता. हॉलंडमध्यें राजकीय पक्षांना सरकारी तिजोरींतून अनुदान मिळतें. परंतु त्यासाठीं मतदानाचा हक्क असलेले आणि वर्षाला निदान बारा युरो वर्गणी भरणारे एक हजार सभासद दाखवावे लागतात. विल्डर्स यांचा पक्ष या अनुदानास मुकला तो अर्थातच आपखुषीनें. सभागृहांतील प्रत्येक गटाला कामकाजासाठीं जो पैसा मिळतो तो त्यांनाहि मिळतो. पण प्रचार आणि पक्षाचा इतर खर्च भागवावयाचा म्हणजे देणगीदार पाहिजेत. त्यासाठीं पक्षाच्या मित्रांचें म्हणून आणखी एक प्रतिष्ठान आहे. मोठ्या देणग्या जाहीर करण्याचा कायदा २०१३ सालीं अंमलांत आल्यावर अमेरिकेंतील डेव्हिड होरोविट्झ फ्रीडम सेंटर या संस्थेचें नांव त्या यादींत दिसूं लागलें. यांत बेकायदा कांहीं नव्हतें. पण आल्मेर गांवच्या एखाद्या दुकानदारानें बारा युरो देऊन सभासद व्हावें म्हटलें तर सोय नाहीं, आणि समुद्रापलीकडच्या संस्थेचा पैसा मात्र त्या वेळीं येऊं शकत होता, ही स्थिति स्वदेशाचा झेंडा मिरविणाऱ्या पक्षाला शोभली कीं नाहीं, हें त्यांच्या मतदारांनीं ठरवावें.

सभासद नाहींत म्हणजे शाखा नाहींत; शाखा नाहींत म्हणजे युवकसंघ नाहीं, अभ्यासमंडळ नाहीं, अधिवेशन नाहीं. मग एवढे उमेदवार कोठून येतात? ते निवडले जातात. अर्ज येतात, मुलाखती होतात, पूर्वायुष्याची छाननी होते, आणि जे टिकतात त्यांना विल्डर्स आणि त्यांचे दोन-चार विश्वासू सहकारी तयार करतात. फोर्टुइन यांच्या बाजारबुणग्यांपेक्षां ही पलटण पुष्कळच कवाइती निघाली, हें कबूल करावयास पाहिजे. पण पलटण लहान राहते. २०१० सालीं देशांत चारशेंहून अधिक नगरपालिका असतां या पक्षानें हेग आणि आल्मेर या दोनच ठिकाणीं निवडणूक लढविली. आल्मेर येथें तो पहिला आला, तरी २०१४ सालींहि पुन्हा दोनच. २०१८ सालीं कोठें तीस नगरपालिकांपर्यंत मजल गेली. मतें देणारे गांवोगांव होते. उभे राहणारे नव्हते, किंवा असले तरी त्यांच्यावर भिस्त ठेवण्याची एकट्या मालकाची तयारी नव्हती. ज्याला आपण कार्यकर्ता म्हणतों, जो मतदारयाद्या घेऊन जिने चढतो, सतरंज्या घालतो, वर्गणीच्या पावत्या फाडतो आणि त्या बळावर सभेंत उठून पुढाऱ्याला चार शब्द सुनावतोहि, तो प्राणी या पक्षांत निपजतच नाहीं.

जाहीरनाम्याचेंहि तेंच. इतर डच पक्षांत निवडणुकीपूर्वीं कार्यक्रमाचा मसुदा शाखांकडे जातो, शेंकडों उपसूचना येतात, अधिवेशनांत त्यांवर तासन् तास काथ्याकूट होतो, आणि शेवटीं कोणाचेंच पूर्ण समाधान न झालेलें एक जाडें पुस्तक तयार होतें. २०१७ च्या निवडणुकीसाठीं विल्डर्स यांनीं ऑगस्ट २०१६ मध्यें आपला कार्यक्रम प्रसिद्ध केला तो एका पानाचा होता. त्यांत अकरा कलमें होतीं. गंमत अशी कीं, त्यावरहि 'मसुदा' असा शब्द छापलेला होता. उपसूचना कोणीं आणावयाची होती कोण जाणे!

मग सामान्य पाठिराख्याला या पक्षांत काम काय? मत द्यावें, जमल्यास पैसे द्यावेत, आणि समाजमाध्यमांवर पुढाऱ्याचें लेखन वाचून मान डोलवावी. याहून अधिक सहभागाचा एक प्रसंग मात्र फार गाजला. १९ मार्च २०१४ रोजीं नगरपालिकांच्या निवडणुकीच्या रात्रीं हेग येथें जमलेल्या पाठिराख्यांना विल्डर्स यांनीं विचारलें कीं, या शहरांत आणि या देशांत मोरोक्कन लोक अधिक हवेत कीं कमी? जमाव 'कमी, कमी' म्हणून ओरडूं लागला. आम्ही तशी व्यवस्था करूं, असें पुढाऱ्यांनीं आश्वासन दिलें. या प्रकरणीं खटला झाला; २०१६ सालीं कोर्टानें त्यांना एका जनसमूहाचा अपमान केल्याबद्दल दोषी ठरविलें, शिक्षा मात्र कांहीं दिली नाहीं, आणि २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. त्या वाक्याची निंदा पुष्कळांनीं केली आहे आणि ती योग्यच आहे. आमचें लक्ष दुसरीकडे आहे. या सभेंत लोकांना प्रश्न विचारण्यांत आला, आणि लोकांनीं उत्तरहि दिलें. पण प्रश्न पुढाऱ्याचा आणि उत्तराचा शब्दहि पुढाऱ्यानेंच प्रश्नांत पेरून दिलेला. गाणाऱ्यामागें धृपद धरणाऱ्यांनीं चाल बदलावयाची नसते. सभासदाला ती बदलण्याचा हक्क असतो.

त्या रात्रीनंतर पक्षांतून बरेच प्रतिनिधि व नगरसेवक बाहेर पडले. ही त्या घरची पहिली फूट नव्हे. हेरो ब्रिंकमन नांवाचे एक प्रतिनिधि, पूर्वीं पोलिस खात्यांत असलेले, २०१० पासून म्हणत होते कीं, पक्षाला सभासद हवेत, युवकसंघ हवा, अंतर्गत लोकशाही हवी. त्यांचें म्हणणें मान्य झालें नाहीं. मार्च २०१२ मध्यें ते बाहेर पडले, आणि जातांना अर्थातच खुर्ची घेऊन गेले. त्याच वर्षीं जुलैंत पक्षाचा निवडणूक-कार्यक्रम वृत्तपत्रकारांपुढें मांडला जात असतांच दोघां प्रतिनिधींनीं तेथल्या तेथें राजीनामे जाहीर केले. विल्डर्स यांच्या एकतंत्री कारभारावर त्यांचा रोख होता.

येथें आमच्या वाचकांस आपल्या घरची गोष्ट आठवल्यावांचून राहणार नाहीं. एकत्र कुटुंबांत कर्ता एकच असतो आणि बाहेरचे व्यवहार त्याच्याच सहीनें होतात. तेवढ्यावरून कोणी असें म्हणेल कीं, विल्डर्स यांनीं कर्त्याचें काम केलें, दुसरें काय? पण मिताक्षरेचा कर्ता आणि हा कर्ता यांत महदंतर आहे. आपल्या कुटुंबांत दायादाला जन्मतःच वांटा आहे, २००५ पासून मुलींनाहि आहे. कर्त्यानें उधळमाधळ केली तर त्याला जाब विचारतां येतो, आणि अगदींच न जमल्यास वांटणी मागतां येते. शिवाय वांटणीपर्यंत गोष्ट जाण्यापूर्वीं माजघरांत ती वर्षानुवर्षें बोलली जाते, थोरल्या काकू मध्यें पडतात, दिवाळीला अबोला सुटतो, आणि दहांतल्या आठ वांटण्या टळतात. विल्डर्स यांच्या पक्षाला माजघरच नाहीं. तेथें मतभेदाला बोलण्याची पायरी नाहीं. पहिली पायरी तीच शेवटची, ती म्हणजे आपली खुर्ची उचलून निघून जाणें. २००४ सालीं जें त्यांनीं स्वतः केलें तेंच त्यांच्या माणसांना त्यांच्याशीं पुनःपुन्हा करावें लागलें, याला कारण माणसांचा कृतघ्नपणा नव्हे, घराची बांधणी आहे.

विरुद्ध बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ आहे. फोर्टुइन यांचा पक्ष सहा वर्षांत संपला. हा २००६ सालीं नऊ जागांनीं सुरू झाला, २०१० सालीं २४ वर गेला, पुढें १५, २०, १७ असे चढउतार पाहूनहि सतराव्या वर्षीं पहिला आला. एकाच्या हातीं सुकाणूं असल्यामुळें तारू वेळेवर वळवितां येतें. मात्र वळण कोणत्या दिशेला घ्यावयाचें हेंहि त्या एकाच्याच मनावर. एप्रिल २०१२ मध्यें काटकसरीच्या वाटाघाटींतून ते उठून गेले आणि त्यांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर चाललेलें सरकार पडलें. २०२३ च्या विजयानंतर पंतप्रधानपद सोडून द्यावें लागलें, तरी जुलै २०२४ मध्यें त्यांच्या पक्षाचे पांच मंत्री प्रथमच सरकारांत बसले. वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ३ जून २०२५ रोजीं सकाळीं, पक्ष सरकारांतून बाहेर पडत असल्याचें विल्डर्स यांनीं समाजमाध्यमावर जाहीर केलें. साडेचोवीस लाख मतांनीं जें मिळविलें होतें तें सोडावें कीं ठेवावें हें कोणत्या अधिवेशनाला, कोणत्या कार्यकारी मंडळाला विचारावयाचें होतें? विचारावयास दुसरें कोणी नव्हतेंच.

तर मग भराभर सभासद करून घेतले म्हणजे सारें सुरळीत होतें काय? त्याचाहि पडताळा त्याच देशांत पाहावयास मिळतो. थिएरी बोडेट या तरुण विद्वानानें २०१६ सालीं आपल्या अभ्यासमंडळाचा पक्ष केला. त्याचें नांव फोरम फोर डेमोक्रसी, म्हणजे लोकशाहीसाठीं व्यासपीठ. यानें विल्डर्स यांच्या नेमकें उलट केलें. सभासद हजारोंनीं नोंदले, तरुणांचा संघ काढला, मेळावे, व्याख्यानें, उन्हाळी वर्ग यांची रेलचेल केली. नोव्हेंबर २०२० मध्यें त्या युवकसंघांतील ज्यूद्वेष्टे संदेश उघडकीस आले आणि पक्षांत भडका उडाला. बोडेट आधीं बाजूस झाले, मग परतले, आणि डिसेंबरांत प्रश्न सभासदांच्या मतास टाकण्यांत आला. सुमारे ७६ टक्के मतें बोडेट यांना मिळालीं. पक्षांतील पुष्कळशीं नामांकित माणसें बाहेर पडलीं आणि त्यांपैकीं कांहींनीं जेए२१ नांवाचा पक्ष काढला. म्हणजे येथें सभा होती, मतदानहि झालें. पण सभासद झाले होते ते मुळांत एका माणसाच्या वक्तृत्वावर लुब्ध होऊन, आणि तो माणूस नको असें म्हणण्यासाठीं त्यांच्यापैकीं फारच थोडे आले होते.

शेजारच्या जर्मनींत याहून निराळा अनुभव आला. पूर्वींच्या अनर्थानंतर लिहिलेल्या त्यांच्या राज्यघटनेंत पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे असें २१ व्या कलमांतच आहे. त्यामुळें विल्डर्स यांचा द्विवचनी प्रयोग तेथें चालणारा नव्हे. २०१३ सालीं अर्थशास्त्राचे प्राध्यापक बेर्न्ड लुके यांनीं ए. एफ. डी. हा पक्ष काढण्यांत पुढाकार घेतला तो मुख्यतः युरो चलनाला विरोध म्हणून. जुलै २०१५ मध्यें एसेन येथें हजारों सभासदांच्या अधिवेशनांत लुके पराभूत झाले आणि फ्राउके पेट्री पुढें आल्या. त्या २०१७ सालीं गेल्या; यॉर्ग मॉयथेन २०२२ सालीं गेले. सभासदांनीं पुढाऱ्यांना घरीं पाठविलें खरें, परंतु प्रत्येक वेळीं पक्ष पहिल्यापेक्षां अधिक जहाल झाला. सभासदांच्या हातीं लगाम दिला म्हणजे घोडा सावकाशच चालेल, अशी हमी कोणीं दिली आहे? तरीहि लुके यांना निदान कळलें कीं आपल्याला कोणीं, किती मतांनीं आणि कोणत्या सभेंत हरविलें. इंग्लंडमधील नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष तर आरंभीं भागभांडवलाची कंपनीच होता आणि बहुतांश भाग फराज यांच्याच नांवें होते. २०२५ च्या फेब्रुवारींत ती मालकी भागधारक नसलेल्या एका दुसऱ्या कंपनीकडे देण्यांत आली. त्याच्या वर्गणीदारांचा आंकडा मोठा आहे. वर्गणीदाराचा सभासद होतो कीं नाहीं, तें पुढें दिसेल.

हॉलंडमध्यें २९ ऑक्टोबर २०२५ रोजीं पुन्हा निवडणूक झाली. विल्डर्स यांच्या ३७ जागांच्या २६ झाल्या. त्याच वेळीं जेए२१ एकावरून नऊवर गेला आणि बोडेट यांचा पक्ष, नव्या तरुण पुढारिणीच्या हाताखालीं, तिनावरून सातावर. त्या बाजूच्या मतदारांचें मत मुळांत फारसें पालटलेलें नव्हतें, हें या बेरजेवरूनच दिसतें. सरकार कां सोडलें हें त्यांना कदाचित् विचारावयाचें असेल. विचारावयास सभा नव्हती. तेव्हां ब्रिंकमन यांनीं केलें तेंच त्यांनींहि केलें, आणि ते उठून शेजारच्या घरीं गेले.